काचेपासून एक पाऊल

विसेन्ताने सुक्या माशांची पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "नोंग, तुम्ही मला शवपेटीवर रडवलंत."

नोंग दुलोच्या हातातला कॉफीचा पेला तिथल्या तिथे थांबला. फिलिपिन्समधल्या सेबूच्या त्या रेडिओ केंद्रावर तो तीस वर्षं श्रोत्यांच्या पत्रांवरून नाटकं लिहीत होता. सगळे त्याला नोंग म्हणत, थोरला भाऊ. आभार मानायला लोक यायचे, येताना काहीबाही घेऊन यायचे. पण आभार मानायला आलेलं माणूस खुर्ची दिली की बसतं. ही बसली नाही.

तिच्या पत्रावरून केलेलं नाटक त्याला आठवत होतं. न आठवायला काय झालं? गेला महिनाभर बाजारात, जेटीवर त्याचीच चर्चा होती. तिचा नऊ वर्षांचा आर्नेल तापाने जातो, आणि पुरण्याआधीच्या शेवटच्या पहाटे, जागरणाला बसलेले सगळे पेंगले असताना, आई शवपेटीच्या झाकणातल्या काचेवर कोसळून हंबरडा फोडते. काचेवर टपटप आसवं पडतात. त्या टपटपीसाठी दुलोने पत्र्याच्या डब्यावर स्वतः पाणी सोडलं होतं.

मेलेल्याच्या पेटीवर आसू पडू द्यायचा नाही, पडला तर त्याची वाट जड होते, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. दुलोही जाणत होता. म्हणून तर त्याने ते घातलं. आईला रीतभात सुचू नये एवढं दुःख, त्याशिवाय ऐकणाऱ्याच्या काळजाला हात कसा जाणार? नव्या पोरांना तो हेच शिकवायचा: बाबांनो, माणूस पटलं पाहिजे, नाहीतर लोक रेडिओ बंद करून भांडी घासायला जातात.

विसेन्ता आवाज न चढवता सांगत होती. नाटकाच्या आधी 'ही खरी गोष्ट आहे' असं म्हणतात, म्हणून गावाने ते खरंच धरलं. त्या पहाटे पेटीपाशी तिच्याशिवाय जागं कोणी नव्हतं, मग साक्ष कोणाची काढणार? तेव्हापासून सासूच्या स्वप्नात पोर ओल्या सदऱ्याने येतं आणि कुडकुडत उभं राहतं. रविवारी वर्षश्राद्ध. काळे कपडे उतरवायचा दिवस. सासूने बजावलंय, तू थडग्याजवळ फिरकायचं नाहीस, तुझ्यामुळे माझा नातू वाटेत अडकलाय.

"नोंग, मला त्याच्यासाठी औषध मिळालं नाही," ती म्हणाली. "वेळेवर होडी मिळाली नाही. त्याच्यासाठी मला एवढं एकच जमलं होतं. एक थेंब पडू दिला नव्हता मी."

दुलोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शुक्रवारच्या नाटकाआधी खुलासा करतो, स्वतः वाचतो, असं तो घाईघाईने म्हणाला. तिने मान हलवली. रेडिओवरचं आता नको, लोक म्हणतील हे दुसरं नाटक. तिला तिचं पत्र हवं होतं. त्यावर नाटकाच्या कितीतरी आधीचा टपालाचा शिक्का होता आणि अक्षर तिचं होतं. सासूला वाचता येत होतं. रविवारच्या आत ते सासूच्या हातात ठेवलं की झालं.

"जुनी पत्रं सापडणं कठीण असतं, बाई," दुलो म्हणाला.

एवढं बोलून त्याने टेबलाच्या खणाकडे पाहिलं. तिनेही पाहिलं. मग काय करणार, त्याने खण उघडला. पत्र वरच होतं. गाजलेल्या नाटकाचं पत्र तो नेहमी वरच ठेवायचा.

मधल्या घडीपाशी तिच्या गोल, सावकाश अक्षरात लिहिलं होतं: *डोळे भरून आले की मी काचेपासून एक पाऊल मागे सरायचे. डोळे पुसून पुन्हा जवळ जायचे आणि त्याला सांगायचे, बाळा, तुझ्या चपला धुऊन ठेवल्यात.* या दोन ओळींवर लाल पेन्सिलीची जाड काट होती. बाजूला समासात दुलोच्या ऐसपैस हस्ताक्षरात: *हे पटत नाही. आई रडणारच.*

तिने ते वाचलं. पुन्हा वाचलं. दुलोने खोडरबर शोधला आणि तिच्या हातून पत्र घेऊन घासायला लागला. लाल रंग जाईना. उलट तो फिसकटून तिच्या अक्षरांवर पसरला, कागदाला लव सुटली. तीस वर्षांत शेकडो पत्रांवर त्याने ही पेन्सिल चालवली होती. कोणाकोणाचं काय काय खोडलं, देव जाणे. तो घासत राहिला.

"राहू द्या, नोंग, फाटेल," ती म्हणाली. "लिहिणाऱ्यालाच पटलं नाही, तर सासूला कसं पटायचं?"

त्याने रबर खाली ठेवला. तिने पत्र परत घेतलं आणि खिडकीच्या उजेडात धरून स्वतःच्या त्या दोन ओळी ओठांतल्या ओठांत वाचू लागली. चपलांपाशी आली आणि तिचे डोळे काठोकाठ भरले.

तिने पत्र हळूच टेबलावर ठेवलं आणि एक पाऊल मागे सरली.