बारावी मात्रा

सतार वाजवता वाजवता गौसखाँनी मध्येच हात आवरला आणि मान मागे वळवली, तेव्हा जोतीरामनं मांडीवरची सतार सावरून धरली.

कॉलेजच्या बक्षीस समारंभाची दुपार होती. हॉल खचाखच भरलेला. पुढच्या रांगेत प्रिन्सिपॉलसाहेब, त्यांच्यामागे पोरं. आणि त्यातली निम्मी जोतीरामकडेच गणित शिकणारी. आपले प्रोफेसर खाँसाहेबांच्या पाठीमागे, जाजमाच्या कडेला दुसरी सतार घेऊन अंग चोरून बसलेत, हे बघून पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत होती. शिष्यानं मागं बसायचं आणि उस्तादानं वाजवलेलं तेवढंच वाजवायचं, ही रीत त्यांना कोण सांगणार!

कुरुंदवाडच्या शेतकऱ्याचा हा मुलगा महाराजांच्या बोर्डिंगात राहून शिकला आणि गणिताचा प्रोफेसर झाला. सकाळी कॉलेजात खडू, संध्याकाळी खाँसाहेबांच्या घरी सतार, अशी नऊ वर्षं चालली होती. पण नऊ वर्षांत खाँसाहेबांनी त्याला गंडा बांधला नव्हता. मनगटावर तो दोरा बांधला म्हणजे उस्तादानं शिष्य आपला मानला. जोतीराम शिकलेली प्रत्येक तान घरी जाऊन वहीत आकड्यांनी उतरवून काढी आणि दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी वाजवून दाखवी. खाँसाहेब ऐकत आणि म्हणत, "ही माझी हाय." पहिली काही वर्षं बिचाऱ्याला ती शाबासकी वाटली होती.

आज टांग्यातून येताना त्यांनी सरळ सांगून टाकलं. मध्येच मी थांबेन, पुढं तू वाजवायचं. स्वतःचं काही निघालं तर ठीक. नाही निघालं तर उद्यापासून माझ्या दारात यायचं कारण नाही, वह्या तुझ्याजवळ आहेतच.

ती जागा आता आली होती. केरबा गुरवाचा तबला चालूच होता. सोळा मात्रांचा तीनताल. पहिली मात्रा ती सम, फिरून सगळ्यांनी एकत्र यायचं ते ठिकाण.

दोन आवर्तनं जोतीरामनं जपून, शिकवलेलंच वाजवून काढली. खाँसाहेबांची मान हलली नाही. आणि मग, कुठून कोण जाणे, पाच मात्रांचा एक तुकडा त्याच्या बोटांखाली आला. कुणी शिकवलेला नाही, कुठल्या वहीत नाही. त्याच्या अंगावर काटा आला. हा तीनदा वाजवायचा आणि समेवर उतरायचं, त्यानं ठरवलं. गणिताचाच माणूस, हिशेब पापणी लवायच्या आत झाला. सम सोडली की उरल्या पंधरा. पाच त्रिक पंधरा. दुसऱ्या मात्रेवर त्यानं तुकडा उचलला.

पहिल्यांदा वाजला तसा हॉल सावरून बसला. दुसऱ्यांदा सुरू झाला आणि केरबाची भुवई वर चढली. ती भुवई बघितली आणि जोतीरामला लख्ख कळलं. शेवटचा आघात समेवर पडायला हवा आणि हा पडणार होता सोळाव्या मात्रेवर, एक घर अलीकडे. रस्त्याकडेला दहा खांब रोवले तर मधली अंतरं नऊच होतात, दहा म्हणणारा गाढव, असं परवाच त्यानं वर्गाला फैलावर घेऊन सांगितलं होतं. तो गाढव आता सतार घेऊन बसला होता आणि सगळा वर्ग समोर होता.

थांबायची सोय नव्हती. अकरावी मात्रा वाजली. बाराव्या मात्रेला जोतीरामनं हात उचलला आणि काहीच वाजवलं नाही.

एकच मात्रा. तबला तेवढा एकटा पुढं गेला. ढोसाढोशी करणारी कोपरं जागच्या जागी थांबली. प्रिन्सिपॉलसाहेब खुर्चीत पुढं सरकले. मग तेराव्या मात्रेवर तुकडा तिसऱ्यांदा उठला, आणि सतार आणि तबला एकदमच समेवर येऊन आदळले.

अख्खा हॉल उठला. पोरं बाकांवर चढली, कुणी फेटा उडवला. जोतीरामला हसू आवरेना. डिग्री हातात पडली त्या दिवशीही त्याला इतका आनंद झाला नव्हता. मग त्याची नजर खाँसाहेबांकडे गेली. ते हसत नव्हते.

"ही माझी न्हाय," ते म्हणाले.

जोतीरामचं हसू तिथल्या तिथं विरलं. "चुकलो, खाँसाहेब. मोजताना एक मात्रा कमी पडली. मग ती तशीच रिकामी सोडली."

"चुकलास ते मला बी दिसलं, केरबाला बी दिसलं."

खाँसाहेबांनी शेरवानीच्या खिशात हात घातला. एका पुडीत गंडा बांधताना शिष्याला भरवायचे गूळ-चणे होते आणि गुंडाळलेला एक लाल दोरा. खिशात राहून राहून दोऱ्याचा रंग विटला होता. त्यांनी जोतीरामचा हात ओढून घेतला, सगळ्या हॉलसमोर मनगटाला गाठ मारली आणि गूळ-चणे त्याच्या तोंडात कोंबले.

"बाराव्याला थांबलास, ते मला येत न्हाय," दोऱ्याचं टोक दातानं तोडत ते हळू आवाजात म्हणाले. "मला शिकीव."

जोतीरामच्या तोंडात अजून चणे होते. कसाबसा घास गिळून तो म्हणाला, सकाळी माझा तास आहे, संध्याकाळी नेहमीसारखा येतो तुमच्या घरी. खाँसाहेबांनी नाही म्हणून मान हलवली. शिकणाऱ्यानं जायचं असतं, शिकवणाऱ्यानं नव्हे, एवढंही कळत नाही का, असं त्यांनी त्याला विचारलं.

"तास किती वाजता?"

"आठ वाजता."

"येतो. मागच्या बाकावर जागा ठेव."