जरतार

पोह्यांची बशी हातात घेऊन मुलाच्या आई भिंतीवरच्या मोठ्या फोटोपुढे थबकल्या. "अगंबाई, काय जरतार आहे! पैठणीचा पदर का हो?"

कुसुमताईंनी लेकीकडे डोळे वटारले. कॅमेऱ्यात किडे टिपण्याच्या तिच्या नादापायीच मागचं स्थळ हातचं गेलं होतं. नुसतं 'हो' म्हणून मोकळं व्हायचं, एवढंच तर होतं!

"पंख आहे तो, काकू. घरमाशीचा."

कुसुमताईंनी हेही स्थळ वजा केलं. मुलाच्या आईंनी मात्र चष्मा चढवला, पुन्हा वाकून पाहिलं. "जन्मभर फडक्यानं मारत आले हिला. एवढं जवळ येऊ देते तरी कशी गं?"

"आधी नुसतं गप्प बसावं लागतं. घाई केली की उडते."

उंची, पगार, स्वयंपाक, सगळं विचारायचंच राहिलं होतं. मुलाच्या आई सोफ्यावर टेकल्या, जरा सरकून मुलीला शेजारी जागा केली आणि गप्प बसल्या.