करंजदरीचा गारवा

द्राक्षपट्ट्याची हद्द आता रोज दुपारी दोनला नव्याने आखली जायची. गावोगावच्या खांबांवरच्या पेट्या तापमान कळवायच्या, त्यावरून यंत्र रेषा सरकवायचं, आणि रेषेबाहेर पडलेल्या गावाच्या वाइनवरून पट्ट्याचं नाव त्याच दिवशी उतरायचं. आजूबाजूची सगळी गावं तापून रेषेबाहेर गेली. करंजदरी तेवढी टिकली. ती का टिकली, हे शोधणारी हेमांगी पावणेदोनला तिथल्या खांबापाशी पोचली आणि थबकली.

पेटीला गोणपाट गुंडाळलेलं होतं.

"मावशी, हे कुणी केलं?"

"मीच की," बागेतून येत गयाबाई म्हणाल्या. "उन्हात तापतं बिचारं. म्हटलं, माठाला गुंडाळतो तसं गुंडाळावं. रोज दुपारी पाणी मारते. चार वर्षं झाली."

दरीच्या गारव्यावर हेमांगीने अख्खा प्रबंध लिहिला होता. त्या प्रबंधाच्या भरवशावर सव्वाशे घरांनी नव्या वेली लावल्या होत्या. गारवा कसला, गोणपाट होतं ते!

ते सोडवून खरा आकडा जाऊ द्यायचा, एवढंच तिचं काम होतं. तिने हात लावला. गोणपाट कोरडं ठणठणीत होतं.

"आज मोटार बंद पडली, पाणी राहूनच गेलं," गयाबाई म्हणाल्या. मग तिचा चेहरा बघून चाचरल्या. "चुकलं का ताई माझं?"

दोनला तीन मिनिटं कमी होती. हेमांगीने पिशवीतली प्यायच्या पाण्याची बाटली काढली आणि गोणपाटावर रिकामी केली.

"उद्यापासून दीडलाच मारत जा, मावशी."