बासरीवाल्याचा श्वास

किल्ली विनयच्या खिशात होती, पण दोन्ही हातांत अँप्लिफायर होता आणि अँप्लिफायरवर चिवड्याचा स्टीलचा डबा. म्हणून त्याने कोपराने आपल्याच घराची बेल वाजवली.

अर्चनाने दार उघडलं. "आता हा कोणाचा?"

"आपलाच. अदलाबदल रद्द केली आम्ही."

इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीत विनयकडे आणि त्याचा मित्र उल्हासकडे एकसारखीच म्युझिक सिस्टिम होती. एकाच दुकानातून, एकाच सेलमध्ये, एकाच शनिवारी घेतलेली. तरी उल्हासची जास्त छान वाजते, असं विनयचं मत होतं. म्हणून आधी दोघांनी स्पीकर बदलले, मग वायरी, मग अँप्लिफायर. आता इकडचं सगळं तिकडे जाऊन परत इकडे आलं होतं. चांगला आवाज मात्र उल्हासकडेच राहिला होता. उल्हासची कधीच काही तक्रार नसायची, याचा विनयला वेगळा राग होता.

त्याने किल्ली अँप्लिफायरवर टाकली, वायरी जोडल्या, बासरीची सीडी लावली आणि भिंतीकडे बघत बसला.

"आला ऐकू?"

"काय?"

"श्वास. बासरीवाला फुंकायच्या आधी श्वास घेतो. उल्हासकडे स्वच्छ ऐकू येतो. आपल्याकडे हा माणूस श्वासच घेत नाही."

"मग गेला असेल," अर्चना म्हणाली आणि तिने डबा उघडला.

"उल्हासच्या मंजिरीवहिनींनी दिलाय. एवढा आवडलाय तर घेऊनच जा म्हणाल्या. दाणे बघ कसे खमंग तळलेत. शिकून घे जरा त्यांच्याकडून."

अर्चनाने झाकण उलटं केलं. आत बारीक अक्षरांत 'सौ. अर्चना' असं कोरलेलं होतं. लग्नात आईने सगळ्या भांड्यांवर घालून घेतलेलं नाव.

"विनय, हा माझा चिवडा आहे. मंगळवारी केलेला. मीच पाठवला होता मंजिरीकडे. तिने तोच तुझ्यापुढे ठेवला आणि डब्यासकट परत दिला."

विनयने झाकणावरचं नाव वाचलं.

"आणि दाणे तू तळलेस."

विनयने एक दाणा तोंडात टाकला. प्रामाणिकपणे चावला. "तरी तिकडे वेगळा लागतो," तो म्हणाला.

अर्चनाने झाकण लावलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. "पाच वर्षं हाच चिवडा करतेय," ती म्हणाली. "पाच वर्षांत तू एकदाच बोललास. 'मीठ?' म्हणालास."

बासरी चालूच होती. श्वासाशिवाय.

"ऊठ," अर्चना म्हणाली. "बूट घाल. बाहेर जा आणि बेल वाजव."

विनय सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होता. सगळं तेच ठेवून एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, हे त्याला लगेच पटलं. तो बाहेर गेला. बेल वाजली.

"अय्या, तुम्ही! या ना, या!" अर्चनाने दार पूर्ण उघडलं. "वहिनींना नाही आणलंत?"

"ती घरी आहे," विनय म्हणाला.

तो सोफ्याच्या कडेवर बसला, गुडघे जुळवून. चहा पाहुण्यांच्या कपात आला. हे कप आपल्या घरात आहेत, हे तो विसरलाच होता. चिवडा काचेच्या बशीत आला, वर कोथिंबीर. तिने सीडी पहिल्यापासून लावली. खोलीत क्षणभर काहीच नव्हतं, आणि मग कोणीतरी अगदी जवळ, जवळजवळ विनयच्या खांद्यावर, श्वास घेतला.

विनयने कप खाली ठेवला. "काय सिस्टिम आहे हो तुमची!"

"आमच्या ह्यांची आहे."

"आणि चिवडा! वा!"

"ह्यांना नाही आवडत. दोन्ही नाही आवडत."

"काय सांगता!" विनय मनापासून म्हणाला. "वेडाच दिसतोय."

"अजून घ्या ना."

त्याने घेतला. घरात असा आवाज. असा चिवडा. 'अजून घ्या ना' म्हणणारी अशी बाई. आणि हे सगळं सोडून तो गृहस्थ शनिवारी दुपारी कुठेतरी दुसऱ्याच्या सोफ्यावर बसलेला असतो! विनयला त्याचा भयंकर हेवा वाटला.

सीडी संपली. सवयीने त्याने गुडघ्यांवर हात ठेवले. "बरंय, येतो मग."

असं म्हटल्यावर "बसा हो, काय घाई आहे" असं म्हणायचं असतं. अर्चना तसं म्हणाली नाही. तिने डबा त्याच्या हातात दिला, "वहिनींना नमस्कार सांगा," म्हणाली आणि दार लावून घेतलं.

बाहेर झिमझिम होती. विनयने खिसे चाचपले. किल्ली आत, अँप्लिफायरवर.

आत बासरी पुन्हा सुरू झाली. तो खाली वाकला आणि दारातच असलेल्या लेटरबॉक्सच्या फटीची झडप बोटाने वर केली.

शेजारच्या मिसेस होल्डन कुत्र्याला घेऊन चालल्या होत्या. त्या थांबल्या. "लॉक्ड आऊट, लव्ह?"

"नो, नो," विनय न उठता म्हणाला. "जस्ट व्हिजिटिंग."

फटीतून पॅसेजपलीकडची खोली दिसत होती. अर्चना त्याच्या खुर्चीत बसली होती. पाय टीपॉयवर, हातात पाहुण्यांचा कप, डोळे मिटलेले. बासरीवाल्याने श्वास घेतला. तिने मान डोलावली.

"अर्चना," विनयने फटीतून हाक मारली.

तिने डोळे उघडले नाहीत.

"ते घरी नसतात," ती म्हणाली.

इतका स्वच्छ आवाज त्याने उल्हासकडेही ऐकला नव्हता.