खास ग्राहक विभाग

समोरच्या पडद्यावर नोंद होती : नऊ दिवस पेटी उघडलेली नाही. बायको वारली. मांजर काळी. डावा गुडघा.

तिनं फोन लावला.

“काका, गुडघा काय म्हणतोय?”

“तू होय! गुडघा कुरकुरतोय, आणि मांजरीनं उच्छाद मांडलाय.” म्हाताऱ्याचा आवाज एकदम उजळला. आयुष्यभर लोकांची घड्याळं दुरुस्त केलेला हा माणूस आता मोबाइलवर जहाजांचा खेळ खेळायचा. खेळ फुकट होता. खेळातल्या बक्षिसांच्या पेट्या मात्र विकत घ्याव्या लागत, आणि आत काय निघणार ते पैसे भरून उघडल्याशिवाय कळत नसे.

तिचं काम तसं सोपं. पेट्यांवर सढळ हातानं खर्च करणारं माणूस थांबलं, की गोड बोलून त्याला परत खेळायला बसवायचं. पडद्यावरची नोंदही तिनंच गप्पा मारता मारता काढून घेतलेली. कंपनीनं या उद्योगाला ‘आपुलकी’ असं गोंडस नाव दिलं होतं. कुणी किती माणसं परत आणली याचा तक्ता भिंतीवर होता आणि त्यात ती सलग तीन महिने पहिली होती.

“हल्ली खेळत नाही वाटतं?”

“सोनेरी जहाज दोनदा हातातोंडाशी येऊन गेलं गं. गुडघ्याच्या ऑपरेशनला ठेवलेल्यातले निम्मे पैसे त्यात गेले. आता उरलेल्यांना हात लावायची भीती वाटते. पण आता निघेलच, नाही का? तू सांग. तू सांगशील तसं करतो.”

इथं एक फुकट पेटी द्यायची आणि ‘काका, नशीब फळफळलं!’ म्हणायचं, असा नियम होता. आजवर तिनं तो शेकडो वेळा पाळला होता. पण ‘तू सांगशील तसं’ हे तिला नवऱ्यानंसुद्धा कधी म्हटलं नव्हतं. नेहमीचं वाक्य म्हणायला तिची जीभ रेटेना. फोन रेकॉर्ड होतात हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरी ती बोलली.

“काका, नीट ऐका. ते जहाज हजारात एखाद्याला मिळतं. हातातून निसटलं असं मुद्दाम दाखवतात. मी देते ती फुकट पेटीसुद्धा ठरवून चांगली निघते. तुमच्या गुडघ्याची चौकशी करायचा मला पगार मिळतो, आणि तुम्हाला सांगितलेलं माझं नावही खरं नाही. खेळ काढून टाका. ऑपरेशन करून घ्या.”



“इतकं खरं मला कुणी सांगितलं नव्हतं गं,” म्हातारा म्हणाला. “सुखी राहा.”

तिनं फोन ठेवला. नोकरी गेल्यात जमा होती, तरी कितीतरी महिन्यांनी तिला स्वतःबद्दल बरं वाटलं. तिनं खणातला कंगवा, डबा आणि गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरली.

तासाभरानं साहेब आले. तिनं न सांगताच ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं.

“हे काय? बस खाली,” साहेब खुर्ची ओढत म्हणाले. “ऐकलं मी सगळं. तू काकांना जे बोललीस ते शब्दन् शब्द लिहून दे. उद्यापासून सगळ्यांनी तेच बोलायचं.”

तिला काही उमजेना. साहेबांनी आपला मोबाइल तिच्यापुढे धरला. कंपनीकडे तिच्यासाठी म्हाताऱ्याचा निरोप नुकताच आला होता.

“पोरी, जिथं तुझ्यासारखं खरं बोलणारं माणूस कामाला आहे, तिथं मला कोण फसवणार? मनातली धाकधूकच गेली बघ. उरलेल्या सगळ्या पैशांच्या पेट्या घेतल्या.”