आबांची खवल्यांची वही

पाडव्याच्या सकाळी डोहाची राखण करणाऱ्या आबांनी एक महसीर पकडला, त्याचा एक खवला काढला आणि मासा पुन्हा पाण्यात सोडला. खवला त्यांनी भाताच्या खळीने वहीत चिकटवला. दर पाडव्याला ते हेच करत.

"आबा, आमच्या प्रयोगशाळेतला मासा याच्या दुप्पट वाढतो," शेजारी उभी असलेली वैजयंता हसली. "आता इथेही तोच सोडणार."

"वाढू दे गं. पण सगळे एकाच तोंडवळ्याचे. एक आजारी पडला की सगळे पडतील."

दुसऱ्या दिवशी आबा झोपेतच गेले.

चार वर्षांत नदीत प्रयोगशाळेचेच मासे उरले, आणि एका बुरशीने ते सगळे मेले. वाळलेल्या खवल्यापासून मासा घडवणं तोवर प्रयोगशाळेला जमू लागलं होतं. वैजयंताने वही उघडली. एकेचाळीस वर्षांच्या खवल्यांत कोणतेच दोन सारखे नव्हते. त्यांच्यापासून वाढवलेली पिल्लं तिने त्याच बुरशीच्या पाण्यात सोडली.

पुढच्या पाडव्याला तिने डोहात चुरमुरे टाकले. पाणी उसळलं. सोनेरी, काळसर, जाड ओठांचे मासे एकमेकांना ढकलत वर आले. तिने त्यातला एक पकडला, खवला काढून घेतला आणि मासा सोडून दिला. वहीच्या नव्या पानावर खवला चिकटवताना ती मोठ्याने म्हणाली, "आबा, तुमचं बरोबर होतं. मी हसले, ते चुकलं माझं."