मास्तरांचे हात

"मागे घ्या जरा. ती उतरती सुरावट पुन्हा ऐकू," कानसेन म्हणाले.

मुलाने फीत मागे घेतली. त्याची आई खिडकीशी बसली होती. बाईंच्या हातातल्या विणकामाचा टाका कधीचाच सुटला होता, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

मेजावर दोन यंत्रं होती. एकावर मास्तरांची, म्हणजे बाईंच्या नवऱ्याची, ती गाजलेली तबकडी. पियानो आणि सबंध वाद्यवृंदासाठी रचलेला, जगभर वाजलेला कॉन्चेर्टो. त्या एका तबकडीने साधा शिकवणीवाला मास्तर मोठा कलावंत होऊन बसला होता. दुसऱ्या यंत्रावर घरी मुद्रित केलेली जुनी फीत. तोच कॉन्चेर्टो, पण नुसता पियानो. वाद्यवृंदाच्या जागी शांतता, आणि त्या शांततेत खुर्चीची करकर.

मास्तर जाऊन बरीच वर्षं झाली होती. आणि आता माळा आवरताना मुलाला ही फीत सापडली. आईला धड विचारलंही नाही आणि त्याने वर्तमानपत्रात जाहीर करून टाकलं, बाबांचं आजवर कुणीही न ऐकलेलं वादन. तबकडी काढणारी कंपनी तयार झाली, पण आधी कानसेनांनी दोन्ही ऐकून निवाडा द्यायचा या अटीवर. संगीतवाल्यांत त्यांना खऱ्या नावाने कुणी हाकच मारत नसे. डोळे मिटून वादक ओळखणारा माणूस. भल्याभल्यांचं पितळ त्यांनी उघडं पाडलं होतं.

फक्त बाईंना ठाऊक होतं. ती फीत मास्तरांची नव्हतीच.

ते गेल्यानंतरच्या हिवाळ्यात घर खायला उठायचं. तेव्हा एका दुपारी बाईंनी स्वतः पियानो उघडला, टेपरेकॉर्डर लावला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलं. कुणाला ऐकवायला नाही. मग फीत डब्यात घालून माळ्यावर टाकून दिली. मुलगा ती नाचवत आला तेव्हा त्यांनी त्याला आधी जेवायला वाढलं. उद्या सांगू म्हणेपर्यंत बातमी छापून आली.

आता कानसेनांनी नकारार्थी मान हलवली की पोराची छी-थू. वडिलांच्या नावाने संगीतशाळा चालवतो आणि वडिलांच्याच नावावर खोटं खपवतो, असं लोक म्हणणार.

"थांबा."

मुलाने कळ दाबली.

"इथे कुणीतरी खोकलं. बाईमाणसाचा खोकला आहे. अन् पियानोच्या अगदी जवळून."

मुलाने आईकडे पाहिलं. बाईंनी सुई लोकरीत खोचली. "मीच ती. पानं उलटायला मीच बसायचे ना."

"ते जगजाहीर आहे, वहिनी. तबकडीच्या वेळी वाद्यवृंद आधी मुद्रित करून घेतला आणि मास्तरांनी आपला पियानो नंतर, दार लावून. तुमच्याशिवाय आत कुणी नाही. कलावंताचे नखरे म्हणून लोक हसले होते."

"माणसं दिसली की ह्यांचे हात थरथरायचे."

"म्हणून मास्तरांनी मंचावर हा कॉन्चेर्टो कधीच वाजवला नाही?"

"म्हणूनच."

कानसेनांनी एकदा तबकडी लावली, एकदा फीत. मग तोच तुकडा उलटसुलट. दोन्ही यंत्रांच्या मध्ये मान खाली घालून ते बसले होते. दार ठोठावून कुणीतरी परत गेलं, तरी कुणी उठलं नाही.

"ही फीत कधीची?" त्यांनी अचानक विचारलं.

"शेवटच्या आजारपणाआधीची असणार," मुलगा म्हणाला.

"मी वहिनींना विचारलं."

बाईंनी सुई पुन्हा उचलली. "नक्की आठवत नाही."

"इथे हात थकलेत. तबकडीवर ते तरुण आहेत." कानसेनांनी चष्मा काढून ठेवला. "खोटं ओळखायला मला अख्खं वादन ऐकावं लागत नाही. हे मी दोनदा ऐकलं."

मुलाचा चेहरा पांढराफटक पडला. ते बाईंना पाहवेना. त्या उठल्या. "मला काही सांगायचंय."

"आई, थांब ना."

"आधी माझं होऊ द्या, वहिनी," कानसेन म्हणाले. "तबकडीवर डावा अंगठा खालच्या सुरावर किंचित लवकर पडतो. पाहुण्याने कडी वाजवायच्या आत आपण दार उघडावं तसा. ही चूक नाही, सवय आहे. ती शिकवता येत नाही आणि चोरताही येत नाही. हजारो तबकड्या ऐकल्या, दुसऱ्या कुणात सापडली नाही." त्यांनी फितीवर बोट टेकवलं. "इथे ती जागोजागी आहे. वय वाढलंय, हात तेच आहेत. दोन्हीकडे वाजवणारं माणूस एकच. कंपनीला मी तसं बिनधास्त सांगतो."

मुलगा खुर्चीत बसला आणि हुंदका आवरेना तसा त्याने तोंडावर हात धरला. "मला माहीत होतं," तो म्हणाला. "बाबांचे हात मी ओळखणार नाही का?"

बाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"तुम्ही काहीतरी सांगत होता, वहिनी."

"काही विशेष नाही. चहा टाकते म्हणत होते."

त्या आत गेल्या, गॅस पेटवला आणि ओट्याला धरून उभ्या राहिल्या. बाहेर मुलाने तबकडी पुन्हा पहिल्यापासून लावली. कानसेनांचा कान कधी चुकत नाही असं लोक म्हणत, आणि तो आजही चुकला नव्हता. तबकडीवरही बाईच वाजवत होत्या.